नेमका शोध

इलाच्या बाबाला, म्हणजे प्रसन्नला, रडून काही पटत नसे आणि भांडून तर मुळीच नसे. लहानपणी कुत्रा हवा म्हणून तिनं जेवण सोडलं, तेव्हा हा गृहस्थ शांतपणे म्हणाला होता, "डेटा दाखव." तिनं मग कुत्री पाळणाऱ्या मैत्रिणींच्या घरी फोन करकरून एक तक्ता बनवला, तेव्हा कुठे गडी विरघळला. फ्रिस्को या अमेरिकन उपनगरातल्या त्या एकाच साच्यातल्या विटांच्या घरांत असे डेटावाले बाबा पैशाला पासरी मिळतील, पण प्रसन्न त्यांतला म्होरक्या.

म्हणून अकरावीच्या रिसर्च प्रोजेक्टसाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा इलानं विचार करून निवडला. परदेशात राहायला गेलेली कुटुंबं आपल्या माणसाला त्याचा आजार सांगतात की लपवतात, आणि लपवल्यानं त्याचं भलं होतं का. घरी मात्र तिनं एवढंच सांगितलं, "मेडिकल कम्युनिकेशन." बाबा खूश झाला. कॉलेजच्या अर्जात शोभून दिसेल म्हणाला. आई, रीमा, भाजी चिरता चिरता थांबली आणि इलाकडे बघत राहिली, पण बोलली काही नाही. त्या घरात तेव्हा न बोलण्याची साथच आली होती.

झालं होतं ते असं. आजीच्या, प्रसन्नच्या आईच्या, पोटात दुखायला लागलं, खाल्लेलं अंगी लागेना, म्हणून तपासण्या झाल्या. निकाल सांगायला डॉक्टरांनी बोलावलं त्या दिवशी गाडी इलानं चालवली होती. तिला नुकतंच लायसन्स मिळालं होतं आणि घरातून कुणीही कुठेही निघालं की किल्ली आधी तिच्या हातात असायची. म्हणून ती त्या खोलीत होती. नसती तर बरं झालं असतं, असं तिला नंतर पुष्कळदा वाटलं.

डॉक्टर स्टूल ओढून आजीच्या समोर बसले. फोनवर दुभाषी लावू का म्हणाले. प्रसन्न म्हणाला, गरज नाही, मी मुलगा आहे. मग डॉक्टर आजीकडे बघत हळू आवाजात बोलले. पॅन्क्रियासचा, म्हणजे स्वादुपिंडाचा, कॅन्सर आहे, पसरलाय, ऑपरेशन होण्यासारखं नाही. केमो देता येईल, त्यामुळे थोडे महिने वाढतील, पण ते महिने सोपे नसतील. घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवायचं, घाई नाही, पुढच्या भेटीत सांगा.

"काय म्हणाले रे?" आजीनं विचारलं.

"सूज आहे म्हणाले, आई. पोटाला आतून. औषधानं उतरेल."

आजीनं मान डोलावली, डॉक्टरांकडे बघून हसली आणि म्हणाली, "थँक यू, डॉक्टर." डॉक्टर भारावून गेले. निघताना प्रसन्नच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुमची आई फार धीराची बाई आहे.

घरी आल्यावर आजी आडवी झाली तसं प्रसन्ननं रीमा आणि इलाला गॅरेजमध्ये नेलं आणि सांगितलं की आईला यातलं अक्षर कळता कामा नये. केमोचं काय, असं रीमानं विचारलं तर म्हणाला, द्यायची. तिला सांगू, सूज उतरायचं सलाइन आहे. इला म्हणाली, "बट इट्स हर बॉडी, बाबा." त्यावर तो नेहमीसारखं डेटा दाखव म्हणालासुद्धा नाही. नुसता "विषय संपला" म्हणाला आणि आत गेला.

इलाच्या मते विषय संपला नव्हता. डॉक्टरांची पुढची भेट जवळ येत होती, आणि आजीच्या शरीरात काय सोडायचं ते आजी सोडून सगळे ठरवत होते. याचा तिला इतका संताप यायचा की जेवताना समोर बसलेल्या बाबाकडे बघवत नसे. पण संतापाला त्या घरात भाव नव्हता. भाव होता तो पुराव्याला.

शाळेच्या लायब्ररीत मिसेस कार्व्हर नावाच्या उंच बाई होत्या. त्यांनी सगळ्या वर्गाला बसवून डेटाबेस कसे वापरायचे ते शिकवलं. इंटरनेटवर कुणीही काहीही लिहितं, इथे मात्र तपासून छापलेले लेख असतात, तेव्हा उगाच इकडेतिकडे भटकू नका, पासवर्ड दिलाय तो घरूनही चालेल. इलानं शोधायच्या खोक्यात टाइप केलं, घरच्यांनी पेशंटला सांगावं का. लाखभर लेख आले. पहिला दातांच्या दवाखान्यातल्या खुर्च्यांबद्दल होता. तिनं दोन शब्द बदलले तर एकही आला नाही. एक अख्खा आठवडा असा लाख आणि शून्य यांच्यामध्ये गेला आणि ती रडकुंडीला आली.

शनिवारी दुपारी ती डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. आईबाबा अर्विंगला किराणा आणायला गेले होते. आजी शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली तशी इलानं लॅपटॉप अर्धा मिटला.

"काय शोधतेस? आणि सापडत का नाहीये?" आजी म्हणाली. "मघापासून बघतेय, नुसती चिडचिड करतेस."

आता ही आजी कोण, ते सांगायला हवं. सुलेखाबाई नाशिकच्या एका कॉलेजात नोकरीभर ग्रंथपाल होत्या. नवरा गेल्यावर मुलाकडे आल्या. इंग्रजी वाचायच्या सपासप, पण इथली माणसं बोलायला लागली की त्यांच्या कानात नुसता एक गुंता शिरायचा. त्यामुळे दुकानात, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे "काय म्हणाला रे?" हे त्यांच्या पाचवीला पुजलं होतं. ज्या बाईसमोर कॉलेजचे प्रोफेसर अदबीनं उभे राहायचे, ती इथे मुलाच्या तोंडाकडे बघून जगत होती. त्या कधी कुरकुरल्या नाहीत, पण टोचत नसेल असं थोडंच.

"प्रोजेक्ट आहे," इला म्हणाली. "लायब्ररीचा डेटाबेस. आय डोन्ट गेट एनिथिंग."

लायब्ररी म्हटल्यावर आजीनं खुर्ची पुढेच ओढली. इलाला तेव्हाच उठून जाता आलं असतं. पण आजीचा चेहरा इतका उजळला होता, पोटात दुखायला लागल्यापासून पहिल्यांदाच, की तिला उठवेना. आणि खरं सांगायचं तर तिला लेखही हवे होते. तिनं मनात म्हटलं, वरवरचं सांगू.

"विषय काय?"

"डॉक्टर आणि पेशंट. कसं बोलतात, ते."

"हे फार मोठं झालं. असं मागितलंस तर कपाटच्या कपाट अंगावर येईल," आजी म्हणाली. "वाचक यायचा आणि म्हणायचा, बाई, इतिहासाचं पुस्तक द्या. त्याला का हवंय ते मी कधी विचारलं नाही. ते आपलं काम नव्हे. पण काय हवंय ते मात्र खोदून खोदून विचारायचं. नेमकं काय हवंय ते त्याला बोलतं करायचं. सांग, काय बोलतात?"

"म्हणजे... आजार सांगतात का नाही."

"हं. मग 'सांगणं' याला या यादीत काय म्हणतात ते बघ. आपण बोलतो तो शब्द यादीवाले वापरत नाहीत. हे 'विषय' लिहिलंय ना, ते दाब."

इलानं दाबलं. शब्दांची लांबलचक यादी उघडली. आजीनं बोट ठेवलं त्या ओळीत 'सत्य उघड करणं' अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द होते. इलानं ते घेतले आणि लाखाचे काही हजार झाले. ती चमकलीच.

"आजी! धिस इज अमेझिंग."

"थांब गं, अजून पुष्कळ आहेत. पेशंट कोण? लहान मूल की मोठं?"

"मोठं."

"किती मोठं?"

"म्हातारं," इला म्हणाली.

"सांगतं कोण? डॉक्टर की घरचे?"

"घरचे."

आजी बोलत होती आणि इलाची बोटं चालत होती. हजारांचे शेकडे झाले. कोणत्या देशातले लोक, असं आजीनं विचारलं. भारतातले, पण इथे राहणारे, असं इलानं सांगितलं. आकडा भराभर उतरत होता आणि इतक्या दिवसांनी काहीतरी हाताला लागतंय या आनंदात पोरीला भानच राहिलं नाही.

"आजार कोणता?"

"कॅन्सर."

"तो या नावानं नसणार. आमच्याकडे मेडिकलची मुलं यायची, त्यांच्या यादीत त्याला निओप्लाझम म्हणायचे. हो, हे बघ. आता अवयव. कशाचा?"

इलाची बोटं थांबली.

तिला काहीही म्हणता आलं असतं. फुफ्फुस म्हणता आलं असतं, ब्रेस्ट म्हणता आलं असतं, कुठलाही चालेल म्हणता आलं असतं. पण खोटं नाव तिला घेववेना आणि आजीकडे बघताही येईना. ती नुसती कीबोर्डकडे बघत राहिली.

आजीनं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग हात पुढे करून एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, तिनं शब्द टाइप केला. पॅन्क्रियास. डॉक्टरांनी कॅन्सरसाठी वापरलेला मोठा शब्द त्या दिवशी गुंत्यातच हरवला होता; हा एक मात्र तिला ऐकू आला होता, आणि सूज म्हटल्यावर तिनं तो सोडून दिला होता.

अकरा लेख आले.

"अकरा म्हणजे चांगले आले," आजी म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. "पहिला जुना आहे, सोड. हा तिसरा बघ." तिनं तिसऱ्याचा सारांश वाचला, मग चौथ्याचा वाचला. किती दिवस मिळतात ते चौथ्याच्या तिसऱ्या ओळीतच होतं. इलाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"प्रसन्नला माहीत आहे."

"हो."

"रीमाला?"

"हो."

"म्हणजे मीच राहिले होते."

इलानं मग भडाभडा सगळं सांगितलं, मराठी-इंग्रजी एक करून. केमोचं, सलाइनचं, बाबाला पटवायला हा प्रोजेक्ट घेतला त्याचं. आजी ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो राग इलानं त्याआधी कधी पाहिलेला नव्हता.

"मी बाबाला सांगते. आत्ता फोन करते."

"अजिबात नाही," आजी म्हणाली. "हे तू सांगायचं नाहीस आणि मला कळलंय हेही बोलायचं नाहीस. मी त्याला विचारीन. त्याला तोंड आहे, त्यानं सांगावं. शपथ घे."

इलानं शपथ घेतली. सोळाव्या वर्षी माणूस असल्या शपथा फार लवकर घेतो.

त्या दिवशी जेवताना आजीनं वरणात भात कालवत विचारलं, "प्रसन्न, त्या डॉक्टरांनी नक्की काय सांगितलं रे?"

"सांगितलं ना आई. सूज."

"कशाची?"

"आतड्याची थोडी. वयानं होते." त्यानं तिच्या पानात आणखी एक चमचा तूप वाढलं. "परवाचा सोडून पुढच्या सोमवारी जायचंय ना, मग सलाइन सुरू होईल. उतरेल."

"बरं," आजी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं परत विचारलं, तिसऱ्या दिवशीही विचारलं. कधी चहाच्या वेळी, कधी तो ऑफिसच्या कॉलवरून उठला की. प्रश्न तोच असायचा आणि उत्तर दर वेळी थोडं जास्त सजलेलं असायचं. सूज आधी आतड्याची होती, मग पित्ताशयाकडे सरकली. प्रसन्नच्या कुणा मित्राच्या वडिलांना असंच झालेलं निघालं, आणि ते म्हणे आता गोल्फ खेळतात. इला पानात मान खाली घालून बसायची. आजी दर वेळी "बरं" म्हणायची आणि इलाला वाटायचं, टेबल उलटून टाकावं.

गुरुवारी तिनं शेवटचा उपाय म्हणून छापील लेखांचा गठ्ठा बाबासमोर ठेवला. महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या होत्या. बहुतेक म्हाताऱ्या माणसांना आपला आजार जाणून घ्यायचा असतो, आणि बहुतेक घरच्यांना वाटतं की त्यांना नको असतो. प्रसन्ननं सगळं वाचलं. मनापासून वाचलं. चष्मा काढला आणि म्हणाला, "चांगलं काम केलंस. पण हे लोक माझी आई नाहीत."

"यू ऑलवेज से डेटा, बाबा!"

"आप्पांना मी सांगितलं होतं," तो म्हणाला. आप्पा म्हणजे आजोबा. "आई नको म्हणत असताना मी इथून फोनवरून सांगितलं. खरं कळायला हवं म्हणून, मोठ्या ऐटीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अन्न सोडलं. भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले. मला परत ते करायचं नाहीये, इला. करवत नाही." तो उठून अंगणात गेला. तिथे गरज नसताना बराच वेळ पाइपनं गवताला पाणी देत उभा राहिला. इलाला त्याची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला.

शनिवारी आजीनं विचारलं नाही.

इला वाट बघत होती. पोळी संपली, भात संपला, आजी ताक प्यायली, तिनं उठून हात धुतले आणि ती आपल्या खोलीत गेली. रविवारी सकाळी चहा झाला, पोहे झाले, तरी आजी गप्पच होती. इलानं तिला एकटीला गाठून विचारलं, तर म्हणाली, "पुरे झालं. त्याला नाही जमायचं. उद्या लावू दे काय लावायचं ते." आणि वर्तमानपत्र उघडून बसली.

दुपारी प्रसन्न गॅरेजमध्ये गाडीचं मागचं सीट आडवं करून बघत होता. उद्या येताना आईला झोपून येता यावं म्हणून त्यानं तिथे उशी आणि रजई आणली होती. इला दारात उभी राहिली तसा तो म्हणाला, "बघितलंस? कालपासून विचारलं नाही तिनं. विसरली. म्हटलं नव्हतं तुला? काळजी करण्यासारखं नाही म्हटल्यावर माणूस शांत होतो." इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि ते हसू बघून इलाच्यानं राहवेना. शपथ गेली उडत.

"विसरली नाहीये ती. शी नोज, बाबा. सगळं माहितीये तिला. गेल्या शनिवारपासून. रोज तुला चान्स देत होती."

प्रसन्नच्या हातात उशी होती. ती तशीच धरून तो उभा राहिला. मग त्यानं ती सीटवर नीट ठेवली, नको तितकी नीट, आणि आत गेला. इला त्याच्या मागे गेली. आजीच्या खोलीचं दार त्यानं लावून घेतलं आणि ती बाहेर पॅसेजमध्ये थांबली.

मग बाबाचा आवाज आला. "आई, सूज नाहीये ती." त्यापुढचं तो इतक्या हळू बोलला की दाराबाहेर पोचलं नाही. आणि मग धप्प असा आवाज आला, पाठोपाठ आणखी एक. आजी त्याच्या पाठीत धपाटे घालत होती, तो दहा वर्षांचा असल्यासारखे. "माझ्याशी खोटं बोलतोस? माझ्याशी? तूप वाढून वाढून खोटं बोलतोस?" आणि मग ती रडायला लागली.

लेख वाचताना ती रडली नव्हती. आठवडाभर रडली नव्हती. आता ती अशी रडत होती की रीमा वरच्या मजल्यावरून धावत खाली आली आणि इलाशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. बाबा ज्याला घाबरत होता ते हेच, हे इलाला कळलं. तो उगाच घाबरत नव्हता. अकरांतल्या एकाही लेखात हे लिहिलेलं नव्हतं.

शेवटी आजीनं हाक मारली. "इला, बाहेर आहेस ते माहितीये. आत ये. रीमा, तूही ये."

बाबा खाली गालिच्यावर पलंगाला टेकून बसला होता. आजी वर बसली होती आणि तिचा हात त्याच्या डोक्यावर होता. डोळे सुजले होते, पण आवाज पुन्हा ताळ्यावर आला होता.

"शपथ मोडलीस."

"सॉरी."

"बरं केलंस. आता ऐक. उद्या डॉक्टरांसमोर माझ्या शेजारी तू बसायचंस. तुझा बाबा गाडी चालवेल. केमोचं मी काय ठरवायचं ते त्यांचं ऐकून ठरवीन. ते जे बोलतील ते तू मला मराठीत सांगायचंस. एक शब्द गाळायचा नाही की गोड करायचा नाही."

"आई, ती लहान आहे," रीमा म्हणाली. "दुभाषी असतो त्यांच्याकडे फोनवर."

"मला परक्याकडून नको," आजी म्हणाली. "आणि याच्याकडून तर आता नकोच."

प्रसन्ननं मान वर केली नाही.

"माझं मराठी चांगलं नाहीये, आजी," इला म्हणाली.

"मला पुरतं तेवढं."

"आणि ते म्हणाले की... म्हणजे, हाऊ लाँग... ते पण?"

"तेच तर मला विचारायचंय त्यांना."

इला हो म्हणाली. हेच तर तिला हवं होतं. मग ती आपल्या खोलीत गेली, दार लावलं आणि उद्याचं ते वाक्य मराठीत जुळवायला लागली. "आजी, डॉक्टर म्हणतात की तुझ्याकडे आता..." एवढं जमलं. पुढचं जमेना. तिनं परत पहिल्यापासून सुरुवात केली आणि परत तिथेच येऊन थांबली.